कादंबरीतलं ऊन आणि आमचं

मी मुळातली भित्री. वीज कडाडली, दारावर अनोळखी माणसानं बेल वाजवली, अवेळी फोन आला, की मी आधी वाईटच काहीतरी धरून चालते, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. आमचे हे नंदेसरीला रसायनांच्या एका कारखान्यात आहेत. कंपनीची बस यायला जरा उशीर झाला की मी गॅलरीत जाऊन त्या दिशेला धूर दिसतो का ते बघते. नंदेसरी आमच्या गॅलरीतून दिसत नाही हे मला ठाऊक आहे, तरी बघते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. तर अशा बाईच्या हातात भविष्यातल्या भयंकर उन्हाळ्यावरची जाडजूड कादंबरी द्यायची आणि तिचे गुणदोष चारचौघींत सांगायला लावायचे, ही कल्पना आमच्या वाचनमंडळाची.

बडोद्यात आम्हा मराठी बायकांचं हे एक मंडळ आहे. घरात मराठी, दारात गुजराती आणि नातवंडांशी मोडकंतोडकं इंग्रजी अशी आमची तऱ्हा, तेव्हा महिन्यातून एकदा तरी मनसोक्त मराठीत भांडायला मिळावं म्हणून ते निघालं. चैत्रातली बैठक नागरवाड्यातल्या माझ्या मैत्रिणीकडे असते, कारण तिच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं असतं. आधी पुस्तक, मग आंब्याची डाळ आणि पन्हं, असा एका दगडात दोन पक्षी मारायचा आमचा हिशेब. मी दिवाळी अंकांतून अधूनमधून लिहिते, त्यामुळे पुस्तकावर बोलायचं काम बहुतेकदा माझ्या गळ्यात पडतं. या वेळी मी नको नको म्हणत होते, पण मैत्रीण म्हणाली, "अगं, गोष्टच आहे ना? गोष्टीला काय घाबरायचं!"

गोष्ट अशी होती. पुढच्या कुठल्याशा काळात नदीकाठच्या एका शहरात ऊन इतकं वाढलंय, की सकाळीच भोंगा वाजतो आणि माणसं जमिनीखालच्या दालनांत जाऊन बसतात. वर थांबायला परवाना लागतो. झाडं मोजकीच उरलीत आणि त्यांची सावली भाड्यानं मिळते, हाताच्या मापानं. नायिका ही सावली मोजणारी सरकारी नोकर आहे. सावली सरकली की भाडेकऱ्यांना उठवायचं आणि पुढच्यांना बसवायचं, हे तिचं काम. सुरुवातीची प्रकरणं वाचून मी पुस्तक मिटलं आणि घरातले सगळे पडदे ओढून घेतले.

भीती वाटण्याचं कारण पुस्तकाबाहेरच होतं. आमच्या बडोद्यात उन्हाळ्यात चौकाचौकांत सिग्नलपाशी हिरवी जाळी बांधतात. जाळीखाली जागा उरली नाही की स्कूटरवाले कितीतरी मागे, एखाद्या कडुलिंबाखाली थांबून राहतात आणि दिवा हिरवा झाल्याशिवाय सावली सोडत नाहीत. हे मी रोज बघत होते आणि त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं. पुस्तक वाचल्यावर त्याच चौकात मी सावलीत किती माणसं मावतात ते मोजायला लागले. लेखकानं फार काही कल्पनेतून आणलं नव्हतं, आहे तेच जरा पुढे ढकललं होतं. ही त्याची ताकद मला पहिल्या दिवशीच मान्य होती.

आणि घरात सासूबाई होत्या. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. होळी झाली की संध्याकाळीसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. सासूबाई ऐंशीला टेकलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि हट्ट मात्र ऐन विशीतला. त्यांचं माहेर बडोद्याच्या महाराजांच्या फौजेतल्या लोकांचं. "माझे आजोबा वैशाखाच्या उन्हात घोडा फेकायचे," असं त्या सांगायच्या, "आणि तू मला पंख्याखाली बसवतेस? बडोद्याचं ऊन मला नवीन आहे का गं?" एसी लावला की त्यांचे गुडघे धरत. पाणी प्या म्हटलं तर प्यायल्यासारखं करून पेला खाली ठेवत. बाहेर जायचं असेल त्या दिवशी तर सकाळपासून पाण्याला शिवत नसत, कारण दुसऱ्याच्या घरी 'बाथरूमला जाऊन येते' म्हणायची त्यांना लाज वाटे. आमच्या पिढीतल्याही कितीतरी बायका हेच करतात, मीही केलंय.

आदल्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुजराती आजी, सगळ्यांच्या बा, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं असं सगळे म्हणाले. मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा त्या खोलीत भट्टीसारखी धग होती आणि खिडकीच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. तेव्हापासून मला उन्हाळ्याकडून एकच गोष्ट हवी होती, सासूबाईंनी पावसाळ्यापर्यंत धड राहावं. मी दुपारी तीनतीनदा त्यांच्या खोलीत डोकवायचे. त्या डोळे न उघडताच म्हणायच्या, "आहे अजून. जा."

अशा घरात ती कादंबरी वाचणं सोपं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की दोष सापडला की मला बरं वाटतं. एखादी गोष्ट लेखकाला जमलेली नाही असं दिसलं की ती खोटी ठरते, आणि खोट्या गोष्टीला कोण घाबरेल? मी पेन्सिल घेऊन दोष शोधायला बसले आणि सापडलेही भरपूर.

एक प्राध्यापक येतात. ते समुद्र का तापला, वारे का फिरले, हे पानंच्या पानं समजावून सांगतात आणि सांगून झाल्याबरोबर मरतात. मला तर वाटलं, लेखकानं त्यांना तेवढ्यासाठीच जिवंत ठेवलं होतं. खलनायक काचेच्या उंच इमारतीत राहणारा एकच मालक, जणू तो गेला की ऊन उतरणार. नायिका आणि तिचा प्रियकर मरणाच्या दारात उभे राहून सुविचार बोलतात. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे त्या आख्ख्या शहरात कोणी स्वयंपाक करत नाही. गोळ्या खातात. कोणाला सासू नाही, नणंद नाही, कोणाकडे गणपती बसत नाही. मी समासात लिहिलं, "जग बुडालं तरी आमची माणसं गणपती सोडतील?" ते लिहून मला इतकं हायसं वाटलं की त्या दुपारी मी चक्क झोपले.

पण एक प्रकरण असं होतं की त्यात दोष सापडेपर्यंत मला चैन पडलं नाही. जमिनीखालच्या एका दालनात वीज जाते. शेकडो माणसं खेटून बसलेली आहेत. वीज येते तेव्हा त्यांतली काही मेलेली असतात, आणि शेजारच्यांना पत्ताही लागलेला नसतो. कोणी ओरडलेलं नाही, कोणी पाणी मागितलेलं नाही. मी ते प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलं, आणि शेवटी ठरवलं की हीच लेखकाची सगळ्यात मोठी चूक आहे. माणूस असा मुकाट्यानं जात नाही. तडफडतो, हाका मारतो, निदान कुशीतल्या माणसाला धरतो. भरल्या खोलीत कोणाला काही कळलं नाही, ही लेखकाची सोय आहे, खरं नाही. बैठकीत मी याच मुद्द्यावर भर द्यायचं ठरवलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या लग्नातला हिरवा शालू काढला. रेशीम, भरगच्च जर, अंगावर घेतला की दोन माणसांचं वजन.

"आई, सुती नेसा ना. बाहेर आग ओतते आहे," मी म्हटलं.

"गौरीला सुती नेसून जाऊ? लोक काय म्हणतील, सूनबाईनं पेटीला कुलूप घातलं?"

"बरं, निदान पाणी तरी पिऊन निघा."

"तिथे पन्हं आहेच की."

पन्हं त्यांना साखरेमुळे चालत नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी आणखी दोनदा म्हटलं, मग रिक्षा खाली येऊन हॉर्न वाजवायला लागली. सिग्नलपाशी जाळीखाली जागा नव्हती. रिक्षाच्या टपातून येणारी झळ चेहऱ्याला चावत होती आणि सासूबाई ताठ बसून रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या. त्यांचा आवाज खणखणीत होता. मला धीर आला.

मैत्रिणीची आरास दरवर्षी बघत राहावी अशी असते. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, वर झोपाळ्यात गौर, समोर कलिंगडाचं कमळ, करंज्या, लाडू, बर्फात ठेवलेली द्राक्षं. दारातच आमच्या मनगटाला अत्तर लावलं, हातावर चंदन चोळलं आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडलं. खोली माणसांनी भरून गेली होती. सासूबाईंना पुढची खुर्ची मिळाली. त्या नेहमीच पुढे बसतात, कारण त्यांना मध्ये बोलायचं असतं. मी बोलायला उभी राहिले की दर दुसऱ्या वाक्याला "हे काही पटत नाही" असं येतंच.

मी बोलायला लागले आणि थोड्याच वेळात वीज गेली. इन्व्हर्टरवर एक पंखा फिरत राहिला, तो आमच्यापासून लांब. बायकांनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. मैत्रीण सारखी गुलाबदाणी घेऊन फिरत होती, आणि ज्या जास्त वयाच्या त्यांच्यावर जास्त शिंपडत होती. मी सावलीच्या भाड्याचं बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या. प्राध्यापकांचं बोलले, सगळ्या हसल्या. गणपतीचं बोलले तेव्हा तर टाळ्या पडल्या. माझी भीती कुठल्या कुठे पळाली होती. इतक्या हसणाऱ्या बायकांमध्ये पुस्तकातल्या त्या शहराची काय बिशाद!

मग मी त्या बंद दालनाकडे वळले. माणूस भरल्या खोलीत असा गुपचूप मरू शकतो का, असं मी विचारलं. शेजारी बसलेल्याला कळणार नाही, हे तुम्हाला पटतं का? मागून कोणीतरी "छे!" म्हणालं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, शांत, हात मांडीवर ठेवून. कपाळावर आणि ओठाच्या वर थेंब होते. घाम येतोय, म्हणजे ठीक आहे, असं माझ्या मनात येऊन गेलं. आणि त्यांनी मला एकदाही मध्ये तोडलं नव्हतं, याचा मला इतका आनंद झाला होता की मी मुद्दा आणखी लांबवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा त्या माझं ऐकून घेत होत्या.

बोलणं संपलं. मैत्रीण कोयरी घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत आली. सासूबाईंच्या कपाळाला बोट लावलं आणि तिनं हात झटकन मागे घेतला.

"अगं, इकडे ये," ती मला म्हणाली. "ह्यांचं कपाळ बघ."

मी हात ठेवला. कपाळ तापलेल्या तव्यासारखं होतं, आणि मी घाम समजत होते ते गुलाबपाणी होतं. ते बोटांनी पुसलं गेलं तेव्हा खालची कातडी कोरडी ठणठणीत निघाली. "आई," मी म्हटलं. त्यांचे डोळे माझ्याकडेच होते पण ते मला बघत नव्हते. "आई!" मी ओरडले. त्यांचे ओठ हलले. "घोडा बांधला का?" असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

मी नुसत्या हाका मारत होते, तेव्हा मैत्रिणीनं माझ्या दंडाला धरून हलवलं. "साडी सोड त्यांची. आधी साडी सोड!" आम्ही त्यांना गौरीसमोर सतरंजीवर आडवं केलं आणि शालूच्या निऱ्या ओढायला लागलो. तेवढ्यात त्यांना जरा जाग आली. कोणीतरी तांब्याभर पाणी अंगावर ओतलं तसा त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला. "भिजवू नका गं," त्या म्हणाल्या, शब्द जड, एकमेकांत अडकलेले. "रेशीम आहे." मला त्यांची बोटं एकेक करून उघडावी लागली. त्या मुठीत इतकी ताकद होती की मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी त्यांच्यावर ओरडत होते, "सोडा आई, मरू दे ती साडी!"

बर्फात ठेवलेली द्राक्षं कोणीतरी बाजूला ओतली आणि तो बर्फ आम्ही फडक्यात बांधून त्यांच्या काखेत, मानेला लावला. बायकांनी दारं लावून घेतली, खिडक्या उघडल्या, ओल्या चादरी आणल्या. जिला जे सुचेल ते ती करत होती. खोलीत पाण्याचा चिखल झाला, करंज्या पायदळी आल्या, आणि सगळ्यांचे आवाज चढलेले असताना मला एकीकडे एकच ऐकू येत होतं, त्यांचा श्वास. भराभर, उथळ, थांबेल असा. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेऊन तो ऐकत होते.

ॲम्ब्युलन्स त्या बोळात येईपर्यंत थांबायचा धीर आम्हाला नव्हता. आम्ही त्यांना ओल्या चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं. रिक्षावाल्यानं एकदा मागे वळून बघितलं. "बेन, चिंता ना करो, बाने पकडी राखजो," तो म्हणाला. मी सासूबाईंना घट्ट धरून ठेवलं आणि त्यानं एकाही सिग्नलला रिक्षा थांबवली नाही. रस्त्याची झळ ओल्या चादरीवर येत होती आणि मी चादरीवर बाटलीतलं पाणी ओतत होते. मला त्या वेळी कुठल्याही देवाचं नाव आठवलं नाही. आत्ताच तर त्या पाट्या वाचत होत्या, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. हे नंदेसरीहून थेट तिथेच आले, अंगावर कंपनीचा गणवेश. मी काय झालं ते सांगायला लागले आणि मला वाक्य पुरं करता येईना. ते माझ्या शेजारी बसून राहिले. नंतर डॉक्टर बाहेर आल्या. उन्हाच्या झटक्यात घाम येणंच बंद होतं, त्यांनी सांगितलं, मग शरीराला गार व्हायचा रस्ता उरत नाही. त्यात रक्तदाबाची जी गोळी चालू होती तिनं अंगातलं पाणी आधीच कमी केलेलं होतं, आणि वर सकाळपासून पाणी नाही. "अशा पेशंटना तहान कळत नाही. त्या तक्रारही करत नाहीत. शांत होतात," डॉक्टर म्हणाल्या. "शांत झाल्या होत्या का?"

"हो," मी म्हटलं.

"बर्फ लावलात ते चांगलं केलंत. आता वाट बघू."

वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. माझ्या पिशवीत ती कादंबरी तशीच होती. ती फेकून द्यावी असं मला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून, मी तीच उघडली. ते बंद दालनाचं प्रकरण काढलं. समासात माझ्याच अक्षरात "अशक्य" लिहिलेलं होतं. लेखकानं कुठेही आरडाओरडा लिहिला नव्हता, शब्द उधळले नव्हते, मरणाऱ्या माणसांना भाषणं दिली नव्हती. बाकी पुस्तकभर बडबड करणारा हा माणूस तेवढी पानं गप्प राहिला होता. सबंध पुस्तकात त्यानं जे एकच खरं लिहिलं होतं, तेच मी खोडून काढलं होतं.

पण बाकावर बसून मला त्याचा एक नवा दोषही दिसला, आणि तो मला आजही खरा वाटतो. त्याच्या शहरातल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं की आपण संकटात आहोत. भोंगा वाजतो, परवाने निघतात, सगळे सावध असतात, सगळ्यांचे चेहरे त्रासलेले. आमच्याकडे तसं काहीच नव्हतं. आमच्याकडे करंज्या होत्या, गौर झोपाळ्यात होती, आम्ही हसत होतो, एकमेकींच्या साड्यांचं कौतुक करत होतो. गार वाटावं म्हणून जे प्रेमानं शिंपडलं त्यानंच माझे डोळे झाकले. कादंबरीतलं संकट संकटासारखं दिसतं. आमचं सणासारखं दिसत होतं. मी कुठलंही पुस्तक वाचून त्यासाठी तयार झाले नसते. हा विचार आला आणि मी पुस्तक मिटलं, कारण याचा अर्थ पुढच्या वेळीही मला कळणार नव्हतं.

सासूबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाल्या की या वयात यातून क्वचितच कोणी वाचतं, देवाचे आभार माना. जिवात जीव आला, तरी त्या पूर्वीच्या होऊन आल्या नाहीत. बोलणं संथ झालं, शब्द चिकटायला लागले. चालताना तोल जाई, भिंतीला धरून चालावं लागे. मैत्रीण भेटायला आली तेव्हा शालू ड्रायक्लीनला देऊन, नीट घडी घालून घेऊन आली होती. जर काळवंडली होती. सासूबाईंनी त्यावरून एकदा हात फिरवला आणि तो कपाटात ठेवायला सांगितला. आता काहीतरी टोमणा येईल म्हणून आम्ही दोघी थांबलो होतो, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. जाताना मैत्रिणीनं हळूच विचारलं, मंडळाच्या अंकासाठी कादंबरीवर लिहून देशील का? मी देते म्हटलं. ते अजून लिहून झालेलं नाही.

मे महिना आला. आता सासूबाई सकाळी दहालाच मला पडदे ओढायला सांगत. एसी स्वतःहून लावायला सांगत, गुडघ्यांचं नाव काढत नसत. उशाशी पाण्याची बाटली असे आणि त्या पेल्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पीत. दुपारी दाराची बेल वाजली तर "उघडू नको, झळ येईल" म्हणत. दूधवाला, कुरिअरवाला, कामवाली, सगळ्यांना संध्याकाळी या म्हणून सांगायचं. यांची बस उशिरा आली की त्या मला विचारत, "आला का? फोन कर ना." माझं इतक्या वर्षांचं सांगणं त्यांनी एकदमच ऐकलं होतं. शेजारणी म्हणत, बरं झालं, आता तरी काळजी घेतात. मीही हो म्हणत असे.

एके दुपारी वीज गेली. मी सासूबाईंच्या अंगावर ओलं फडकं घातलं, त्यांचा डोळा लागला, आणि मी बाहेरच्या खोलीत फरशीवर आडवी झाले. गारव्याला तेवढीच जागा होती. दिवसभराची थकलेली, मला कधी झोप लागली ते कळलं नाही.

जाग आली ती पावलांच्या आवाजानं. एक पाऊल, मग थांबणं, मग भिंतीवरून घासत येणारा हात. त्या एकट्या उठून आल्या होत्या. मी ताडकन उठणार होते, पण तोवर त्या माझ्याजवळ पोचल्या, खुर्चीला धरून कशाबशा खाली वाकल्या, आणि त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. मग गालावर. मग नाकापुढे बोटं धरली. मला त्यांचा श्वास लागलेला ऐकू येत होता. "घाम आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, तुटक. "आहे, आहे." आणि तरी हात काढेनात.

त्यांनी उन्हाला भ्यावं म्हणून मी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत आले होते. आता ती बाई माझ्यापेक्षा जास्त भ्यायली होती, स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी, आणि ते मला सोसवत नव्हतं. त्यांना पूर्वीसारखं माझ्यावर खेकसू दे, असं मला इतकं वाटलं की डोळे भरून आले. मी ते मिटूनच ठेवले. त्यांचा हात पुन्हा माझ्या मानेवर आला होता, आणि मी जागी आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी श्वास सावकाश, झोपल्यासारखा घेत राहिले.